रात्रीच्या डिलिव्हरीनंतरचा दिवस

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, नऊ वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात माझं असं झालं होतं की सकाळी उठल्या उठल्याच थकवा, कोणाच्या दारात गेली की बोलायची इच्छाच नाही. एका बाळंतिणीनं दूध पुरत नाही म्हणून दोनदा विचारलं तर मी तिच्यावर खेकसली. घरी येऊन खूप रडली, कारण मी अशी नव्हती.

आमच्या कामाला टाइमच नाही. दिवसा गृहभेटी, सर्व्हे, मोबाइलवर फॉर्म, आणि रात्री कोणाला कळा आल्या की १०२ ला फोन लावून अॅम्ब्युलन्समध्ये सोबत जायचं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या, त्या पुढे ढकलता येत नाहीत, पहिला महिना बाळासाठी सगळ्यात नाजूक असतो.

उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, आधी तुझं हिमोग्लोबिन पाहू. ८.४ निघालं. बाईला १२ तरी पाहिजे हे मी गावभर सांगते, पण स्वतःचं दोन वर्षं तपासलं नव्हतं. लोहाची गोळी सुरू केली, जेवणात लिंबू, गोळीच्या आगेमागे चहा बंद. दोन-अडीच महिन्यांत पायातला गळाठा गेला पण चिडचिड गेली नाही, म्हणजे नुसतं रक्ताचं नव्हतं. तेव्हा १४४१६ ला फोन केला, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. तिथल्या ताईंनी सांगितलं, दिवसभरात कधी बरं वाटते कधी नाही ते लिहून ठेवा.

पंधरा दिवस वहीत लिहिलं. सकाळी सात ते दहा माझ्यात सगळ्यात जास्त ताकद असते आणि तोच वेळ मी ग्रुपवरच्या मेसेजला उत्तरं देण्यात घालवत होती, मग दुपारी उन्हात दोन वाजता घरोघरी, आणि तेव्हा बाया निंदायला वावरात गेलेल्या, घरी म्हाताऱ्या फक्त, म्हणून संध्याकाळी परत तोच फेरा. आता गरोदर बाया आणि बाळांच्या भेटी सकाळीच करते. दहापर्यंत ग्रुप म्यूट, सिस्टर आणि दिवस भरत आलेल्या बायांचे फोन तेवढे घेते. जेवणानंतर अर्धा तास आडवी पडते, फॉर्म चार वाजता.

सगळ्यात कठीण होतं ते रात्रीच्या डिलिव्हरीनंतर काम कमी मागणं. गटप्रवर्तक ताई आम्हा आशांचं काम पाहतात, त्यांना सांगायला जीभ रेटत नव्हती. सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मले आधीच काऊन नाही सांगितलं?" आता त्या दिवशी ज्या भेटीची तारीख आहे तेवढीच करायची असं ठरलं आहे.

आजच्या आज रिपोर्ट पाठवा हे अजून चालूच आहे, मोबदला उशिरा येतो त्याचं टेन्शनही आहे, ते काही वहीत लिहून सुटत नाही, त्यासाठी आम्ही सगळ्या मिळून मागणी करतो.

मागच्या मंगळवारी पहाटे पाचला दवाखान्यातून आली. सासूबाई म्हणाल्या, "तू झोप माय, भाकरी मी टाकतो." दहापर्यंत झोपली. एकच भेट होती, २१व्या दिवसाची. बाळ तीन किलोच्या वर गेलं होतं. त्याच्या आईनं दुधाचंच विचारलं, मी तिच्याजवळ बसली, बाळाला छातीशी नीट कसं धरायचं ते दाखवलं, तिला जमेपर्यंत थांबली.