अडीच हजारांची बोट आणि एका ओळीचा कागद

मला एका यार्डाच्या, म्हणजे भाडं घेऊन बोटी काठावर उभ्या करू देणाऱ्या जागेच्या, ऑफिसकडून एका ओळीचा कागद हवा होता. ‘या बोटीवर आमचं इतकं भाडं थकलं आहे’ किंवा ‘काही थकलेलं नाही’, दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. तो मिळवण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात एखाद्याने बोटीची अर्धी वायरिंग उरकली असती. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय. इंग्लंडात कुणी मराठी माणूस जुनी, अर्धवट राहिलेली शिडाची बोट घ्यायच्या विचारात असेल तर त्याच्याही उपयोगी पडेल.

आम्ही एसेक्समध्ये राहतो. इथे ब्लॅकवॉटर आणि क्राउच या खाड्यांच्या काठाने यार्डं आहेत, आणि बहुतेक यार्डांच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अशा बोटी उभ्या असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे पद्धतच होती: कारखान्यातून फायबरचं नुसतं कवच आणि डेक घ्यायचं, आणि आतलं सगळं सुट्टीच्या दिवशी आपल्या हाताने करायचं. इथल्याच विटम गावची कोल्विक ही कंपनी अशी कवचं विकण्यासाठी प्रसिद्ध होती. कितीतरी बोटी अशा पुऱ्या झाल्या आणि अजून पाण्यात आहेत. ज्या राहून गेल्या त्यांच्या जाहिराती येतात. मी पाहिली तिच्यात लिहिलं होतं, ‘नव्वद टक्के काम पूर्ण. किंमत २,५०० पौंड.’

बोट तीस फुटी, ९.१ मीटर. कवच १९८३ चं. विकणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. बोट बांधायला घेतली होती त्यांच्या यजमानांनी, आणि ते दोन वर्षांपूर्वी गेले. बाई अतिशय सज्जन. त्यांनी शेडची किल्ली दिली आणि म्हणाल्या, हवं तितका वेळ बघा.

मी बघितलं. हातोडीच्या लाकडी मुठीने डेकवर टकटक करत फिरलो. आवाज टणक आला तर ठीक, बद्द आला तर आतलं बाल्सा लाकूड कुजलंय असं समजायचं. डेक चांगलं निघालं. आतल्या आडभिंतींच्या प्लायवूडवर बीएस १०८८ चा शिक्का सापडला, म्हणजे त्या माणसाने खरोखर बोटीचं प्लायवूड वापरलं होतं, दुकानातलं स्वस्त नव्हे. इथवर मी मनातल्या मनात पडद्यांचे रंग ठरवत होतो. मग किलच्या, म्हणजे बोटीच्या तळाखालच्या वजनदार कण्याच्या, पोकळीत विजेरी मारली. तिथे जवळपास पावणेदोन टन शिसं हवं. तिथे पावसाचं पाणी होतं.

शिसं नाही म्हणजे बोट पाण्यात सरळ उभी राहणार नाही, शिडं लावायची गोष्टच सोडा. शिशाचा बाजारभाव टनाला दीड हजार पौंडांच्या आसपास धरला तरी बोटीच्या किमतीइतकं शिसंच लागत होतं. जाहिरातीतले ‘नव्वद टक्के’ कशाचे, ते मी विचारलं नाही.

इंजिन खोक्यात होतं, ‘नवंकोरं, कधीही न चालवलेलं’. ही जमेची बाजू म्हणून छापली होती. चाळीस वर्षं न फिरलेल्या डिझेल इंजिनाची रबरं दगड होतात, पिस्टन सिलिंडरला धरून बसतात. मी ते भंगारात धरलं आणि बसवणुकीसकट नव्या इंजिनाचा भाव मागवला: ९,५०० पौंड. डोलकाठी तर नव्हतीच. डोलकाठी, आडवा बूम आणि तारा मिळून ६,५००. शिडं, खिडक्या, कठडे, नळ, गॅस, बॅटऱ्या, दिवे, लाइफजॅकेटं असं सगळं लिहीत गेलो आणि एकूण आकडा अडतीस हजार पौंडांच्या वर गेला. माझी मजुरी त्यात शून्य धरली होती.

ज्यांना आपण अशा तक्त्यात पक्के आहोत असं वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. बहुतेक लोक जागाभाड्याचा रकाना विसरतात. त्या यार्डात दर मीटरला महिन्याला १७ पौंड होते, म्हणजे या बोटीला महिन्याला १५५ च्या घरात. काम तीन वर्षांत उरकलं असं आशावादी होऊन धरलं तरी नुसतं उभं राहण्याचे साडेपाच हजार. बोटीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. वर यार्डात बाहेरचा कारागीर आणायचा तर त्याचा विमा ऑफिसात दाखवावा लागतो, म्हणजे ओळखीतला स्वस्त सुतार बाद.

तुलनेला तक्त्यात वेस्टर्ली सेंटॉर जातीची बोट धरली. २६ फुटी, दोन किलांची, ओहोटीला चिखलात सरळ उभी राहणारी. १९६९ पासून १९८० पर्यंत दोन हजारांवर बांधल्या गेल्या, त्यामुळे बाजारात नेहमी मिळतात. शिडं, इंजिन, चहाची किटली यांसकट चालती सेंटॉर मला पाच-सहा हजारांत दिसत होती.

तरी मी अर्धवट बोटीवरून हटलो नव्हतो. बांधण्यात मजा आहे, आणि त्या मजेपोटी थोडे पैसे जायला माझी हरकत नव्हती. बायकोने तक्ता वाचला आणि फरकाच्या रकमेपुढे स्वतःच्या अक्षरात ‘करमणूक’ असं लिहून दिलं. तेवढी परवानगी मला पुरेशी होती.

माझे मामा हर्णैला. मासेमारीची बोट आहे. त्यांना व्हिडिओवर फोटो दाखवले. मला वाटलं, शिशाचं विचारतील, निदान इंजिनाचं तरी. ते म्हणाले, “ता सगला ऱ्हाऊदे. बोट कुणाच्या नावावर हाय?” त्यांच्याकडे बोटीचं रजिस्टर आणि परवाना नीट नसेल तर डिझेलचा परतावा अडकतो, त्यामुळे त्यांचं डोकं आधी कागदाकडे जातं. मी बाईंना विचारलं. कवचाचं १९८३ चं मूळ बिल होतं, त्यावर १५ टक्के व्हॅट भरल्याचीही नोंद होती. नाव यजमानांचं. आणि यार्डाचं खातंही यजमानांच्याच नावावर.

भाडं कोण भरतं, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, “बँकेतून आपोआप जातं.” यजमान गेल्यावर त्यांचं बँक खातं बंद झालं होतं. मग आपोआप कुठून जाणार?

आता हे लक्षात घ्या, कारण सगळं इथेच अडलं. इंग्लंडात यार्डाचं भाडं थकलं असेल तर पैसे मिळेपर्यंत यार्ड बोट अडवून ठेवू शकतं, आणि १९७७ च्या एका कायद्याखाली रीतसर नोटीस देऊन ती विकूही शकतं. म्हणजे मी बाईंना पैसे दिले, पावती घेतली, बोट माझी झाली, आणि फाटकावर मात्र दुसऱ्याची थकबाकी माझ्याकडून मागणार. किती थकलंय ते कळल्याशिवाय किंमत ठरवण्यात अर्थच नव्हता.

ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघितली आणि स्क्रीन माझ्याकडून थोडी वळवली. “खातं दुसऱ्याच्या नावावर आहे. माहिती संरक्षणाच्या कायद्यामुळे सांगता येणार नाही.” ठीक. मी बोटीच्या मालकीणबाईंना घेऊन गेलो. त्यांनाही तेच. खातं त्यांच्याही नावावर नाही. एक फॉर्म दिला: ‘माहिती तिसऱ्या व्यक्तीस देण्यास संमती’. खाली खातेदाराची सही. खातेदार दोन वर्षांपूर्वी वारलेत, असं सांगितल्यावर काउंटरवरून उत्तर आलं, “मग फॉर्म पोस्टाने पाठवला तरी चालेल.”

मला क्षणभर वाटलं आपण तालुक्याच्या गावी तलाठ्यासमोर उभे आहोत आणि सातबाऱ्यावर अजून पणजोबाच आहेत.

नंतर प्रोबेट आणा म्हणाले, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचा शिक्का. त्याची फी तीनशे पौंडांच्या घरात आणि वेळ महिन्यांच्या हिशेबात. बाईंनी ते काढलंच नव्हतं, कारण घर दोघांच्या नावावर होतं आणि बाकी फारसं काही नव्हतं. मी वाचत बसलो. इथल्या कायद्यात मृत्युपत्रात ज्याला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, नेमलंय त्याला अधिकार मृत्युपत्रानेच मिळतो, प्रोबेट हा त्या अधिकाराचा पुरावा असतो. आणि माहिती संरक्षणाचा कायदा जिवंत माणसांच्या माहितीला लागू होतो, मेलेल्यांच्या नव्हे. मी दोन्ही गोष्टी सभ्य भाषेत लिहून, मृत्युपत्राची प्रत जोडून ईमेल केली. बाईंची सही, एक्झिक्युटर म्हणून. उत्तर आलं की कायद्याबद्दल धन्यवाद, पण हे आमचं अंतर्गत धोरण आहे.

पुढचे काही आठवडे ‘मॅनेजर सुट्टीवर’, ‘मॅनेजर साइटवर’, ‘तुमचा ईमेल योग्य व्यक्तीकडे पाठवला आहे’ यात गेले. त्या योग्य व्यक्तीचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. बाई बिचाऱ्या मलाच सॉरी म्हणायच्या. त्यांच्या मुलाने किंमत दीड हजारांवर आणली, मग हजारावर. स्वस्त होत चाललेली बोट बघून मला आनंद होईना, धास्तीच वाटायला लागली.

कोंडी फुटली ती क्रेनवाल्यामुळे. तो यार्डात चहा पीत उभा होता, मी त्याच्यापाशी रडगाणं गायलो. तो म्हणाला, थकबाकी विचारूच नकोस. बोट न्यायचीय म्हणून सांग. मी तसाच आत गेलो. त्याच काउंटरवर, त्याच बाईंना म्हणालो, “त्या नंबरची बोट क्रेनने उचलून लॉरीवर घालायचीय. फाटकाबाहेर जाण्याआधी काय काय भरावं लागेल, त्याचं कोटेशन द्या.” दहा मिनिटांत छापील कागद हातात. क्रेनचे पैसे, लॉरीला जागा करून देण्याचे पैसे, आणि तिसऱ्या ओळीत, ‘मागील बाकी, २६ महिने: ४,०२२ पौंड’. व्हॅटसकट. लेटरहेडवर. ओळखपत्रसुद्धा मागितलं नाही.

मी तो कागद गाडीत बसून पुन्हा पुन्हा वाचला. आनंद कागद मिळाल्याचा जास्त होता, आकड्याचं दुःख घरी पोचल्यावर झालं.

तर ज्याला अशी बोट घ्यायचीय त्याने सर्व्हेअरला, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला, बोलावण्याआधी हा प्रश्न विचारावा. ‘किती थकलंय’ असं नाही. ‘ही बोट उद्या बाहेर काढायला किती लागतील’ असा. तीस फुटी बोटीचा सर्व्हे सहाशे-सातशे पौंडांना पडतो. यार्डाचा कागद येईपर्यंत मी सर्व्हे लांबवला होता आणि याबद्दल मी स्वतःवर बेहद्द खूश आहे. लॉरीचं भाडं विचारतानाही बोटीची रुंदी मोजून ठेवा: २.९ मीटरच्या वर गेली की पोलिसांना दोन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, आणि वाहतूकदार त्याचे वेगळे लावतो.

आकडा बघून बाईंच्या मुलाने एक पौंडात बोट देऊ केली, थकबाकी मी भरायची. नाही म्हटलं. एक पौंडाची बोट बिनकामाची ठरली तर फायबर तोडून विल्हेवाट लावायलाही पैसे मोजावे लागतात, ते कुणी भंगारवाला देत नाही. शिवाय एक नियम मला आधीपासून सलत होता. स्वतःसाठी स्वतः बांधलेल्या बोटीला १६ जून १९९८ पासून लागू झालेल्या युरोपीय सुरक्षा-प्रमाणपत्राच्या अटीतून सूट मिळते, ब्रिटनच्या आताच्या नियमांतही ती सूट आहे, पण पाण्यात उतरवल्यापासून पाच वर्षं ती विकायची नाही या बोलीवर. म्हणजे तीन वर्षं बांधकाम, पाच वर्षं अडकलेली बोट. मध्येच नोकरी बदलून पुण्याला परतायचं झालं तर? ‘करमणूक’ या रकान्यात हे मावत नव्हतं.

मी सेंटॉर घेतली, १९७६ ची, ५,८०० पौंडांना. तीन सेंटॉर बघितल्या, त्यांतली सर्वांत चकचकीत सोडून सर्वांत जाड फाइलवाली निवडली: प्रत्येक मालकाची विक्रीची पावती, व्हॅटचा कागद, आणि किल जिथे कवचाला जोडतात तिथे आतून मजबुती केल्याचं बिल. सेंटॉर बघायला जाल तर ते बिल मागाच, त्या जोडाबद्दलची तक्रार जुनी आणि सर्वांना माहीत असलेली आहे. छोट्या बोटींच्या सरकारी यादीत, म्हणजे एसएसआरमध्ये, पाच वर्षांसाठी ३५ पौंडांत नाव लागलं, तेही घरबसल्या. फक्त ती नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, त्यामुळे कुणी नुसता तो नंबर दाखवून बोट विकत असेल तर पावत्या मागायच्या.

बाईंच्या मुलाचा परवा फोन आला होता. प्रोबेट निघालं, आणि आता यार्ड थकबाकीतले काही पैसे सोडायला तयार आहे म्हणे, तोंडी. मी विचारलं, तोंडी म्हणजे कोण म्हणालं? तो म्हणाला, “मॅनेजर. सुट्टीवरून आलाय.” मी त्याला सांगितलं, तो परत सुट्टीवर जायच्या आत सही घे.