आमची वाटचाल : पंधरा पौंडांची चूक

मिरजेत सतारवाल्यांची कमी नाही आणि दवाखान्यांचीही नाही. सतारीतलं मला काही कळत नव्हतं, म्हणून १९९६ साली दवाखान्यांची कामं धरली. ऑटोक्लेव्हची, म्हणजे ऑपरेशनचं सामान वाफेनं निर्जंतुक करायच्या भांड्यांची दुरुस्ती. सायकलच्या कॅरियरला पान्ह्यांची पिशवी बांधून फिरायचो. गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची रबरी रिंग, बदल, हीटर बदल, व्हॉल्व्ह साफ कर. पुढे कुपवाड एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक जुनं लेथ आणि आमचा स्वतःचा उभा ऑटोक्लेव्ह. त्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. बँक, लाइट आणि उधारी, कुपवाडातल्या कुठल्याही गाळ्याची तीच कथा आहे.

टांझानियाचं काम २०११ मध्ये आलं, तेही मागायला न जाता. दार-ए-सलामच्या एका गुजराती व्यापाऱ्याचे नातेवाईक मिरजेत ऑपरेशनला आले होते. सोबत तो आला आणि दवाखान्यात आमचं मशीन बघून थेट गाळ्यावर. तिथल्या सरकारने २००७ पासून कार्यक्रमच हाती घेतला होता, दर गावाला एक झहानाती, म्हणजे आपलं उपकेंद्र समजा, आणि अशा काही गावांच्या गटाला एक मोठं आरोग्य केंद्र. इमारती उभ्या राहत होत्या, आत सामान हवं होतं. चाळीस मशिनं न्हावाशेवाहून गेली. पैसे वेळेवर आले. आम्ही पेढे वाटले.

दीड वर्षाने त्याचा फोन आला. "शेठ, तुमच्या मशिनांची तिकडे टेबलं झालीत."

मी स्वतः गेलो. दारहून, म्हणजे दार-ए-सलामहून, बसने दोडोमा, तिथून सिंगिडा. पहिल्या झहानातीत आमच्या ऑटोक्लेव्हवर बाळंतपणाचं रजिस्टर आणि कापसाचा डबा ठेवलेला. प्लग अजून प्लास्टिकच्या पिशवीत, कारण गावात वीजच आलेली नव्हती. दुसऱ्या गावी वीज होती, पण विहिरीचं पाणी खारं. हीटरवर बोटभर पांढरा थर बसून तो जळून गेला होता. नवा हीटर मिळणार कुठे? तिथली नर्स कोळशाच्या शेगडीवर पातेल्यात कात्र्या नि चिमटे उकळत होती. तिला दोष कसा देणार? पण धनुर्वाताचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, आणि त्याच कात्रीने नाळ कापायची. आम्ही मशीन विकलं होतं, बिल फाडलं होतं आणि मोकळे झालो होतो. ज्या कामासाठी ते घेतलं होतं, ते काम होतच नव्हतं.

परत येऊन मशीन मुळापासून बदललं. वीज काढून टाकली. जाड बुडाचं भांडं, कोळशाच्या शेगडीवर, तिकडच्या भाषेत जिकोवर, थेट ठेवता येईल असं. वर वजनाचा व्हॉल्व्ह. माझी बायको म्हणाली, "एवढा खर्च करून शेवटी कुकरच केलात की!" खरंच होतं ते. सहा नमुने घेऊन मी पुन्हा सिंगिडाला गेलो, सोबत कमाल तापमान धरून ठेवणारा थर्मामीटर.

गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, चौरस इंचाला १५ पौंड. वीस मिनिटं. झाकण उघडलं, थर्मामीटर बघितला, ११८ अंश. हवे होते १२१. म्हटलं, थर्मामीटर बिघडला. दुसरा घातला, ११८. आत हवा अडकली की तापमान चढत नाही; ती आधी नीट बाहेर जाऊ दिली नसेल म्हणून पुन्हा केलं. कोळसा जळतोय, नर्सबाई घड्याळ बघताहेत, आणि पारा ११८ वरच. त्या रात्री लॉजवर महाबळेश्वरची आठवण झाली. तिथे उघड्या पातेल्यात भात शिजायला वेळ लागतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. सिंगिडा समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर आहे. गेज दाब दाखवतं ते बाहेरच्या हवेच्या तुलनेत, आणि बाहेरची हवाच विरळ! म्हणजे आतला खरा दाब कमी, आणि वाफही कमी तापलेली. दर ३०० मीटरला साधारण अर्धा पौंड जास्त लागतो. म्हणजे तिथे १५ नाही, साडेसतरा हवे होते. मिरजेत हा फरक जेमतेम एका अंशाचा, म्हणून इतक्या वर्षांत कधी जाणवला नाही. चूक ना व्यापाऱ्याची, ना नर्सची. आमची.

(परत आल्यावर पाचगणीच्या दोन दवाखान्यांत जाऊन व्हॉल्व्ह बदलून आलो. बिल लावलं नाही, कारणही सांगितलं नाही. आज इथे सांगतोय.)

मग भांड्यांची पाण्याच्या दाबाची चाचणी नव्याने घेतली आणि गावाच्या उंचीप्रमाणे तीन वजनं केली, प्रत्येकाचा रंग वेगळा. झाकणावर तिकडच्या स्वाहिली भाषेत लिहिलेला पत्रा रिव्हेट केला: आधी हवा जाऊ द्या, मग घड्याळ लावा. कोळसा महाग, म्हणून ही पहिली पायरीच गाळली जायची. ते बघून बूड आणखी रुंद केलं, भांडं लवकर तापावं म्हणून.

पुढे म्बेयाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो तर भिंतीवर फाइव्ह एसचे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचे, तक्ते. हसूच आलं. पुण्याच्या गाड्यांच्या कंपन्यांचा ऑडिट यायचा म्हणून आमच्या गाळ्यातही तेच लावलेले. इथे जपानी मदतीने २००७ पासून ते चालू होतं, फक्त स्वाहिलीत. 'सफिशा' म्हणजे साफ करा, हे वाचायला मला दुभाषी लागला नाही. औषधाच्या दुकानाला ते 'दुका ला दवा' म्हणतात. अर्धी भाषा ओळखीचीच.

२०१५ पासून तिथे केंद्रांना शून्य ते पाच तारे द्यायला सुरुवात झाली. जंतुसंसर्ग टाळण्याची व्यवस्थाही त्यात तपासतात. आमच्या भांड्यांची मागणी तेव्हा वाढली, हे मान्य करायला हवं. पण धंदा टिकला तो फुंडीमुळे. फुंडी म्हणजे मिस्त्री. सिंगिडाच्या बाजारात स्टोव्ह नि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला मी चार दिवस शिकवलं. गॅस्केट, वजन, गेज, बस. सुटे भाग दारच्या व्यापाऱ्याकडे, पैसे मोबाइलवर एम-पेसाने, सामान रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे. २०२० मध्ये माझं जाणं थांबलं, तेव्हा तो व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवायचा. भांडं कुठून फुसफुसतंय हे मी आवाजावरून सांगायचो.

आता आमच्या गॅस्केटची विक्री तिकडे घटली आहे. त्याने दारच्या कारियाकू बाजारातून सिलिकॉनची शीट मिळवली आणि स्वतः कापायला लागला. परवा फोटो पाठवून विचारलं, "म्झे, हे चालेल का?" म्झे म्हणजे तिकडे वडीलधाऱ्याला म्हणतात. फोटोत जाडी कमी दिसत होती. मी सहा मिलिमीटर लिहून पाठवलं.