फळी-बिजागरीच्या ट्रॅकरवरून मृगातला तेजोमेघ: या हिवाळ्याची नोंद

मृगातल्या तेजोमेघाचे, म्हणजे मेसियरच्या यादीतल्या ४२ क्रमांकाच्या पिंडाचे, एकूण ८० मिनिटांच्या उघडझापीचे (एक्स्पोजरचे) छायाचित्र जानेवारीच्या अमावास्येला हाती आले. कॅमेरा जुना विकत घेतलेला कॅनन १५००डी आहे, लेन्स हाताने फोकस करायची १३५ मिलिमीटरची जुनी एफ ३.५ आहे आणि ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवत नेणारे साधन, प्लायवुडच्या दोन फळ्या, एक बिजागरी आणि आट्यांचा एक दांडा एवढ्यावर घरी बनवलेला आहे. नोव्हेंबरपासून इथपर्यंत येताना जे आकडे उपयोगी पडले, ते असाच ट्रॅकर करू पाहणाऱ्यांसाठी लिहून ठेवत आहे.

ट्रॅकरशिवाय काय होते, हे आधी स्वतः मोजून पाहिले. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा असतो. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे तो आकाशाचा सुमारे १५.३ विकलांचा तुकडा टिपतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे मृगाच्या पोटातल्या बाणाचे तारे सेकंदाला साधारण १५ विकला सरकतात. म्हणजे दर सेकंदाला तारा एक पिक्सेल पुढे जातो. पाचशेला फोकल लेंग्थने भागण्याचा जो नियम सगळीकडे सांगितला जातो, तो सेन्सरचा लहान आकार धरूनही इथे ६ सेकंद देतो, आणि त्या ६ सेकंदांत ताऱ्याची ६ पिक्सेलची रेघ होते. लहान आकारात छापायच्या चित्राला ते चालून जाते. ताऱ्यांचे ठिपके गोल हवे असतील तर चालत नाही.

फळी-बिजागरीची ही रचना जुनी आहे. ज्याभोवती आकाश फिरते त्या ध्रुवबिंदूकडे बिजागरी रोखायची आणि आट्यांचा दांडा फिरवून कॅमेऱ्याची फळी ताऱ्यांच्या गतीने उघडत न्यायची, एवढेच तिचे काम. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांचा आराखडा १९७५ साली प्रसिद्ध झाला, आणि तिच्यामागचे गणित मला आजही फार देखणे वाटते. एम ६ मापाच्या (६ मिलिमीटर जाडीच्या) दांड्यावर नट एका फेऱ्यात १ मिलिमीटर सरकतो. दांडा मिनिटाला एक फेरा फिरवायचा असेल, तर बिजागरीच्या पिनेपासून दांड्यापर्यंतचे अंतर २२८.५ मिलिमीटर ठेवावे लागते, कारण एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १४३६ मिलिमीटर भरतो आणि ताऱ्यांच्या हिशेबाचा दिवस, म्हणजे २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद, हाही १४३६ मिनिटांचाच असतो. मी दांड्याच्या खालची मोटर आणि वरचा नट हे दोन्ही झुलत्या पिनांवर, बिजागरीपासून सारख्याच अंतरावर बसवले आहेत. त्यामुळे २० मिनिटांत फळ्या ५ अंश उघडल्या तरी गतीतली चूक हजारात एकाच्या आसपास राहते. त्यानंतर फळ्या मिटवून पुन्हा सुरुवात करते.

नोव्हेंबरात मोटर नव्हती. दांड्याच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून तिच्यावर ६० खुणा केल्या होत्या. धाकटा भाऊ घड्याळ हातात धरून सेकंद मोजत असे आणि मी प्रत्येक आकड्याला एक खूण पुढे सरकवत असे. एका खुणेला एक पिक्सेल, असा तो सरळ हिशेब होता. ५० मिलिमीटरच्या लेन्सने ६० सेकंदांची चित्रे अशी खरोखर निघतात. मात्र बोटाचा थोडा जरी जोर पडला की फळी हलते आणि व्याधासारख्या तेजस्वी ताऱ्याला शेपूट फुटते. निम्मी चित्रे टाकून द्यावी लागली.

डिसेंबरात २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी) आणि तिला चालवणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा नियंत्रक बोर्ड लावला, आणि इथेच माझे तीन आठवडे गेले. १३५ मिलिमीटरच्या लेन्समागे पिक्सेल ५.७ विकलांचा होतो, त्यामुळे ५० मिलिमीटरला जी चूक दिसतच नव्हती ती आता दिसू लागली. १२० सेकंदांच्या प्रत्येक चित्रात सगळे तारे पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे दीड पिक्सेल लांबट येत होते. दांडा वाकला असावा असे वाटून मी तो बदलला, बिजागरीचे स्क्रू पुन्हा आवळले, तरी काही फरक पडला नाही. मग ३०, ६० आणि १२० सेकंदांची चित्रे ओळीने घेऊन लांबी मोजली, तेव्हा ती वेळेच्या प्रमाणात वाढताना आणि नेहमी एकाच दिशेला जाताना दिसली. दांडा वाकलेला असता तर प्रत्येक फेऱ्यात तारा पुढे-मागे झाला असता. ही सरळ सरळ गतीची चूक होती.

दुसऱ्या दिवशी मोटरच्या दांडीला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचे १०० फेरे घड्याळ लावून मोजले. १०० मिनिटे लागायला हवी होती. लागली ९९ मिनिटे ३० सेकंद. या मोटरच्या आतली दातेरी चाके ६४ ला १ या प्रमाणात असल्याचे बहुतेक सर्व ठिकाणी लिहिलेले असते आणि त्यावरून एका फेऱ्याला ४०९६ अर्ध-पावले धरली जातात. प्रत्यक्षात ते प्रमाण ६३.६८ ला १ आहे, म्हणजे पावले सुमारे ४०७६ पडतात. या अर्ध्या टक्क्याने १२० सेकंदांत ९ विकलांचा फरक पडतो, आणि ९ विकला म्हणजेच माझे ते दीड पिक्सेल. प्रोग्रॅममध्ये दोन पावलांमधला वेळ १४.६५ ऐवजी १४.७२ मिलिसेकंद केला आणि त्याच रात्री तारे गोल आले. ही मोटर वापरणाऱ्या प्रत्येकाने हे १०० फेरे एकदा तरी मोजावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर राहिला ध्रुव. मी भोरच्या पुढे, नीरा-देवघरच्या बाजूला जाते. तिथून मृग दक्षिणेच्या काळोख्या आकाशात चढतो, पण पुण्याचा सगळा उजेड उत्तरेला येतो आणि जेमतेम १८ अंश उंचीवरचा ध्रुव तारा नेमका त्या उजेडाच्या वरच्या कडेवर असतो. बिजागरी ध्रुव ताऱ्यावर रोखून भागत नाही, कारण खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासापेक्षा जरा जास्त अंतरावर आहे. ५० मिलिमीटरला ६० सेकंदांत ही चूक एका पिक्सेलच्या आतच राहते. १३५ मिलिमीटरला १२० सेकंदांत ती साडेतीन पिक्सेलपर्यंत जाऊ शकते. ध्रुवबिंदू ध्रुव ताऱ्यापासून कोचाब या ताऱ्याच्या दिशेला असतो असे पुस्तकांत सांगितलेले असते, पण आपल्या अक्षांशावर जानेवारीच्या संध्याकाळी कोचाब क्षितिजाजवळच्या धुरकटात बुडालेला असतो. म्हणून मी उलट बाजूने गेले. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांतला टोकाचा मंद तारा घ्यायचा, तिथून ध्रुव ताऱ्याकडे रेघ ओढायची आणि ती तशीच पुढे वाढवायची. बिजागरीला समांतर बसवलेल्या ६ पट मोठे दाखवणाऱ्या फाइंडरमधून (छोट्या दुर्बिणीतून) हे दोन मिनिटांत जमते. आधी लावलेल्या प्लास्टिकच्या नळीतून जमत नव्हते, कारण तिच्यातून दिसणारा आकाशाचा तुकडाच फार मोठा असतो.

त्या रात्री १२० सेकंदांची ५७ चित्रे घेतली आणि त्यांतली ४० ठेवली. बाकीची दवाने गेली. मध्यरात्रीनंतर लेन्सच्या काचेवर धूसर पडदा चढला आणि तो लक्षात यायला मला उशीर झाला. आता लेन्सभोवती गरम पट्टी बांधूनच सुरुवात करते. लेन्सला झाकण लावून २० डार्क (कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करण्यासाठीची काळी चित्रे) आणि पहाटेच्या फिकट आकाशाकडे पांढरे सुती कापड ताणून २५ फ्लॅट (कडेचा अंधार आणि धुळीचे डाग काढण्यासाठीची चित्रे) घेतले. तेजोमेघाचा गाभा १२० सेकंदांत पूर्ण पांढरा होतो, म्हणून त्याची ५ सेकंदांची ३० चित्रे वेगळी घेतली. सगळे सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये जोडले. ४० चित्रे एकत्र आली की एका चित्राच्या तुलनेत खरखर (दाणेदारपणा) सहाव्या हिश्शापर्यंत खाली येते, आणि एका चित्रात नुसता करडा डाग दिसतो तिथे पंखासारखी दुमडलेली कड उमटते. कॅमेऱ्याचा मूळ फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, त्यामुळे रंग गुलाबीपेक्षा जांभळटच आला आहे.

या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीतून ५१ मिनिटांत घेतले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ग्रब दुर्बिणीतून याच तेजोमेघाच्या वर्णपटाची निरीक्षणे केली. म्हणजे पुण्याच्या आकाशातून तेव्हा हे काम होत होते. आज त्याच पिंडासाठी मला ६० किलोमीटर दूर जावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फेब्रुवारीच्या अमावास्येला मृग संध्याकाळीच माथ्याजवळ असेल, त्यामुळे दव पडण्याच्या आत तीन तास मिळतील. तेव्हा ९० चित्रांचा प्रयत्न आहे, आणि तिपाईचा डळमळणारा मधला दांडा काढून ट्रॅकर थेट लाकडी ठोकळ्यावर बसवणार आहे.