खोली रिकामी

आज काहीच ठरवलं नव्हतं. नंदा कालच कोलंबोला गेली (त्याबद्दल नंतर, किंवा नाहीच), माझी गाडी संध्याकाळची, आणि गॉलचा किल्ला एवढासा की तटावरून रमतगमत निघालं तरी दीड-दोन तासांत फिरून आपण होतो तिथेच. म्हटलं, आज घड्याळ बघायचं नाही.

सकाळ छानच गेली. दीपगृहापाशी बसून राहिले. आता दिसतं ते १९३९चं. १८४८चं पहिलं १९३४ साली जळून गेलं. भोवती माड, खाली इवलीशी पुळण. फोटोत वाटतं त्यापेक्षा बुटकं आहे, आणि त्यामुळेच आवडलं.

ऊन चढलं तशी टोपी आणायला खोलीवर गेले. दार सताड उघडं. पलंगावर नुसती गादी. चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळ्याचं बोचकं करून कोपऱ्यात टाकलेलं. माझी बॅग बाहेर पॅसेजमध्ये नीट उभी केलेली आणि तिच्यावर माझी टोपी. मालकीणबाई इतक्या गोड हसल्या की काही बोलायची सोय उरली नाही. दुपारी दुसरे पाहुणे यायचे होते. हे मला माहीत होतं. किल्लीसुद्धा सकाळी मीच त्यांच्या हातात दिली होती. मग एवढं काय लागलं?

लागलं खरं. गल्लीच्या टोकाला येईपर्यंत डोळे भरून आले. चादरींसाठी! ह्यांना फोन केला असता तर म्हणाले असते, "मग काय तुझ्या नावाची पाटी लावून ठेवायची होती त्यांनी?" केला नाही.

पाटी. तेच असणार. ऑफिसातली माझी पाटी शुक्रवारी संध्याकाळी होती. सोमवारी राहिलेली छत्री आणायला गेले तर स्क्रूची भोकं तेवढी दिसली. खुर्चीतला मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, बसा ना." त्यानं नसतं म्हटलं तर बरं झालं असतं. चार्ज द्यायचा म्हणून मी महिनाभर वही लिहीत होते. कुठली फाईल कुठे, कुणाशी गोड बोललं की काम होतं, कुणाला लेखीच विचारायचं. तो म्हणाला, "ठेवा ना टेबलावर, बघतो निवांत." मी हसले. शिंदेबाईंना खाली येऊन सांगितलं की सुटले बाई एकदाची. तेव्हा टिपूस आलं नाही, आणि आज परक्या देशात भाड्याच्या पलंगापायी हे असं. इतकी वर्षं आपण कुठेही असलो तरी आपल्यामागे गादीच झटकून ठेवतात की काय लोक! असलं काहीबाही मनात येत होतं. आईचंही काही आठवलं. असो.

चालत जुन्या दरवाजापाशी आले. हा अख्खा किल्ला म्हणजे खोली सोडून गेलेल्यांचाच. आधी पोर्तुगीज, मग १६४०मध्ये डच, मग १७९६मध्ये इंग्रज. पोर्तुगीजांचं जे होतं ते डचांनी पाडून, वाढवून, दगडी तटात घेऊन टाकलं. दरवाजाच्या आतल्या बाजूला डच कंपनीचं चिन्ह आहे, दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ साल. बाहेरच्या बाजूला इंग्रजांचं राजचिन्ह. म्हणजे नव्या साहेबानं जुनी पाटी काढायचेही कष्ट घेतले नाहीत, आपली पलीकडून ठोकली. पाट्या दोन्ही जागेवर, साहेब एकही नाही. मला फस्सकन हसूच आलं. एका रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.

डच चर्चमध्ये, १७५५च्या त्या, तर जमिनीलाच थडग्यांचे दगड बसवलेत. जुन्या दफनभूमीतून उचलून आणलेले. पाय कुठे ठेवावा कळेना. मग सगळे ठेवतात तिथेच ठेवला.

उन्हं कलल्यावर घड्याळाच्या मनोऱ्याकडच्या तटावर बसले. तिथून खाली क्रिकेटचं मैदान दिसतं. लोक तटावर बसून फुकटात कसोटी बघतात. २०१०मध्ये मुरलीधरननं आधीच सांगून टाकलं होतं की ही माझी शेवटची कसोटी, आणि कसोटीतल्या आपल्या शेवटच्या चेंडूवर आपल्या प्रग्यान ओझाला बाद करून बरोबर ८०० बळी पुरे केले. निवृत्त व्हावं तर असं. माझ्या शेवटच्या दिवशी प्रिंटर बंद होता, आणि जोशींसाठी मुद्दाम बिनअंड्याचा सांगितलेला केक अंड्याचा निघाला. सगळा वेळ त्याचीच चर्चा. माझं भाषण राहिलंच, आणि खरं सांगायचं तर मी काही तयारही केलं नव्हतं.

बॅग घ्यायला गेले तेव्हा नवे पाहुणे आले होते. तरुण जोडपं. दार उघडंच होतं, आणि ती मुलगी खिडकीच्या कडीशी झटापट करत होती. मी दोनदा मान वळवली, तिसऱ्यांदा राहवेना. म्हटलं, आधी वर उचल, मग आत ढकल. लागली. मग सांगितलं की गरम पाणी यायला वेळ लागतो, नळ बंद करू नका. पंखा तीनवर कुरकुरतो, दोनवर ठेवा. तिनं चक्क फोन काढला आणि लिहून घ्यायला लागली! मग काय, मी बॅग खाली ठेवली. सूर्यास्ताला फ्लॅग रॉकवर गर्दी असते, तिथे थांबू नका, पुढे ट्रायटन बुरुजावर जा. चर्च दुपारी बघा, आत गार असतं. जुना दरवाजा दोन्ही बाजूंनी बघा, नाहीतर अर्धाच कळतो. नवरा मुलगा कंटाळून पलंगावर टेकला होता. ती विचारत होती, अजून काय?

मालकीणबाईंनी मागून हळूच सांगितलं की माझी रिक्षा येऊन उभी आहे. म्हटलं, आले, पाचच मिनिटं, अजून बाथरूमचं राहिलंय.