एक्सरे फिल्ममधून कापलेली तोंडं

चतुर्थी जवळ आली तरी माझं वेगळेपणावरचं कोलाज (कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र) अजून टेबलावरच पडलंय, वार्निश बाकी, म्हटलं तोवर त्याच्याबद्दल लिहून टाकू. प्लायवूडवर रांगेने तोंडं आहेत, सगळी एकाच साच्याची. साचा म्हणजे घरातली जुनी एक्सरे फिल्म, कटरने कापली की स्टेन्सिल फुकटात तयार आणि धुऊन परत वापरता येते.

डोक्यात हे आलं नरकासुराच्या मुखवट्यांवरून. दिवाळीच्या आधी इथे गोव्यात म्हापशाच्या बाजारात टांगलेले असतात ना, तेच सुळे, तेच वटारलेले डोळे, पण वाड्यावर नेऊन पोरं त्याला गवत भरलेलं अंग लावतात, कुणाचं पोट सुटलेलं तर कुणाचा हात वाकडा, आणि पहाटे जाळेपर्यंत प्रत्येक वाड्याला आपलाच नरकासुर भारी वाटतो. मुखवटा विकतचा असला तरी.

"मग एक तोंड लाल कर की!" हे बऱ्याच जणांनी सुचवलं. सगळी करडी आणि मधे एक लाल, म्हणजे झाली इंडिव्हिज्युअलिटी! असली पोस्टरं बघून बघून वीट आलाय. आणि बाकीचे मग काय नुसते बॅकग्राउंडला उभे?

म्हणून आकार तोच ठेवला, सामान बदललं. एक तोंड वधूवर जाहिरातींच्या पानाचं (गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष, अख्खं पान वाचलं तरी मुलगी कोण ते कळत नाही), एक युनिफॉर्मच्या चौकड्याच्या कापडाचं, एक गोळ्यांच्या स्ट्रिपच्या चांदीचं, एकाला आईच्या विरलेल्या साडीचा काठ, आणि एकात अंगणातली लाल माती चाळून अॅक्रिलिक मिडियममध्ये (रंगात मिसळतात तो चिकट द्रव) कालवून थापली. लांबून सगळी सारखीच दिसतात, नाक लावून बघावं लागतं.

तसं कोलाज असंच सुरू झालं ना. पिकासोने १९१२ मध्ये चित्रात वेताच्या विणीचं डिझाइन छापलेलं ऑइलक्लॉथ चिकटवलं, म्हणजे कारखान्यातून ताग्याने निघणारा माल, कुणाच्याही घरी असेल असा. आणि आमच्याकडे वेगळेपणा म्हटलं की साळगावच्या चित्रकार सोझाचं नाव निघतंच, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून काढून टाकलेला, कुणाचं न ऐकणारा वगैरे. पण त्याच माणसाने १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर चक्क कलाकारांचा ग्रुप काढला, ते सांगताना कुणी दिसत नाही. एकट्याला बंड झेपत नसावं बहुतेक. पुढे तो मासिकांच्या गुळगुळीत पानांवरची छापील शाई केमिकलने विरघळवून त्यातून आपली चित्रं काढायचा, ती मला त्याच्या ऑइल पेंटिंगपेक्षा जास्त आवडतात (मारा मला).

शेजारच्या काकी बघायला आल्या. म्हणाल्या, "यात तू कुठली गो?" म्हटलं तुम्हीच शोधा. त्यांनी मला शोधलंच नाही, सरळ त्या चांदीच्या तोंडावर बोट ठेवलं, "ही मी. माझीच बीपीची गोळी ती."

खरा वैताग पावसाचा. वर्तमानपत्राचा कागद दमट हवेत फुगतो, फुगे येतात, म्हणून फेव्हिकॉल पातळ करून कागदाच्या मागेही लावायचा आणि प्लायवरही, मधून बाहेर बोटाने हवा काढायची, वर प्लास्टिक टाकून पुस्तकांचं वजन. पेपर नंतर पिवळा पडणारच, पडू दे. वार्निश मात्र ऊन पडल्याशिवाय नाही, ओल असताना मारलं की पांढरी झाक येते आणि मग मातीचं तोंड आणि पेपरचं तोंड दोन्ही धुरकट.