झोक्याआधी बैठक

गावात वानरांची टोळी आली की ती कुठं बसते ते बघा. चिंचेचा शेंडा, वाड्याचं धाबं, पाण्याची टाकी. घाबरलं की वर पळायचं, हा माकडाचा स्वभाव. वर्तनाच्या अभ्यासासाठी पिंजऱ्यात ठेवलेली लाल तोंडाची माकडंही त्याला अपवाद नाहीत. म्हणून व्यायामाचं पहिलं साधन झोका नव्हे, उंचावरची पक्की बैठक. जोडी ठेवली असेल तर एकाच उंचीवर दोन बैठका द्या. एकच असली की दांडगं माकड ती धरून बसतं आणि दुसरं खालीच राहतं.

बैठकीला 304 ग्रेडचा स्टेनलेस पाइप घ्या, जाडी हाताच्या मुठीत मावेल अशी. वर छतापर्यंत किमान 60 सेंटिमीटर मोकळे हवेत, नाहीतर मोठा नर वाकूनच बसतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप कुठल्याही फॅब्रिकेटरकडे स्वस्तात मिळतो, पण तो अजिबात नको. माकडं धातू चाटतात. जास्त जस्त पोटात गेलं की शरीराला तांबं मिळेनासं होतं, केस पांढरे पडतात, रक्त घटतं.

झोक्यात खरा धोका साखळीचा. ढिल्या साखळीचा फास गळ्याला बसतो, कड्यांत बोट किंवा शेपूट अडकते. साखळी ताठ पाइपातून ओवा, किंवा सरळ सळई आणि वर बिजागरी लावा. नट पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. आतला नट माकड बोटांनी फिरवून काढतं. नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट एकदा उघडला की परत वापरू नका, त्याची पकड जाते.

आपल्याकडं बोअरचं पाणी जड. रोजच्या धुण्यानं बिजागरीत क्षार साचतो, झोका करकरतो, मग अडकतो. दर आठवड्याला लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं पुसून स्वच्छ धुवा. उघड्या आवारात मे महिन्यात स्टील हात लावू देत नाही. तिथं चिंचेची जाड फांदी बरी. लाकूड नीट निर्जंतुक होत नाही, म्हणून ती मळली की टाकून नवी बांधा.

एक गोष्ट संशोधकांकडून हमखास निसटते. नवा झोका आला की सुरुवातीला हालचाल वाढते, ती नवेपणाची असते. आधारनोंदी, म्हणजे प्रयोगाआधीच्या तुलनेच्या नोंदी, घेण्यापूर्वीच साधनं बसवा, माकडं रुळू द्या, मग मोजा. सगळ्या पिंजऱ्यांत साधन एकसारखं, आणि काढायचं झालं तर सगळीकडून एकाच दिवशी.