आपरेशन झालंय की, मॅडम

जानेवारी महिना. ऊसतोडीचा हंगाम भरात असला की आमच्या ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी कोयत्याने कापलेली बोटं, तापलेली लेकरं आणि धरलेल्या कमरांनी भरून जाते. ती अकराच्या सुमारास आली. वय २८. बरोबर नवरा आणि जाऊ. बीड जिल्ह्यातली टोळी, आमच्या भागातल्या कारखान्याला आलेली.

दोन दिवसांपासून ओटीपोटात दुखत होतं. आदल्या दिवशी कुणीतरी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं होतं. तशातही त्या पहाटे तिने गाडी भरली होती. खाडा पडला की मुकादमाच्या वहीत पैसे चढतात आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बसली तरी खाडा दोघांचा.

"खांदा बी लई दुखायलाय," ती म्हणाली.

"मोळ्या वाहून धरलाय," नवरा म्हणाला. मलाही ते पटलं. मग तिने आणखी एक सांगितलं, की आडवं पडलं की खांदा जास्त दुखतो, उठून बसलं की जरा बरं वाटतं. हे मी ऐकलं, पण केसपेपरवर लिहिलं नाही.

"पाळी कधी आली होती?" मी विचारलं.

"आपरेशन झालंय की, मॅडम," जाऊ म्हणाली. "दुसऱ्या लेकरावर केलं. चार वर्षं झाली."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच. मी पाळीचं विचारलं होतं, तिने नसबंदीचं सांगितलं. मी मात्र ते उत्तर म्हणून घेतलं आणि पाळीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. नाडी ११२, रक्तदाब १००/७०. दोन्ही आकडे माझ्याच हातचे. सलाईन लावून तिला वॉर्डात झोपवलं आणि मी पुढचा पेशंट बोलावला.

बारा वाजून गेल्यावर सिस्टर धावत आल्या. संडासाच्या दारात ती चक्कर येऊन पडली होती. हात बर्फासारखे, कपाळावर घाम. पापणी खाली ओढली तर आत कागदासारखं पांढरं. वरचा रक्तदाब ७०. सकाळी मऊ वाटलेलं पोट आता फुगून ताठ झालं होतं. दोन्ही हातांना हिरवे इंट्राकॅथ लावून सलाईन जोरात सोडलं. सिस्टरनी कॅथेटर टाकून जेमतेम चार थेंब लघवी काढली आणि 'निश्चय' या गर्भचाचणीच्या पट्टीवर सोडली. दुसरी रेघ फिकी नव्हती. चांगली ठळक होती.

पोटाच्या उजव्या बाजूला सुई घालून ओढलं तसं सिरिंजमध्ये काळपट रक्त आलं. ते काचेच्या नळीत ओतून टेबलावर ठेवलं. शिरेतलं ताजं रक्त काही मिनिटांत गोठतं. हे गोठेना. पोटात साचलेलं रक्त आतच एकदा गोठून पुन्हा सुटं झालेलं असतं, म्हणून. नळी तिरकी केली की ते पाण्यासारखं वाहत होतं. एव्हाना कुणालाच शंका उरली नव्हती. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहिला होता आणि ती नळी फुटली होती.

याचा उपाय एकच, पोट उघडून फुटलेली नळी काढायची. लॉसन टेट या सर्जनने १८८३ साली हे करून बाई वाचवली, त्याला १४०हून जास्त वर्षं झाली. त्यासाठी लागतं भूलतज्ज्ञ, ऑपरेशन करणारा हात आणि रक्त. आमच्याकडे त्या दिवशी तिन्हींतलं काहीच नव्हतं. अंबाजोगाईला फोन केला. ते म्हणाले, घेऊन या, टेबल तयार ठेवतो, रक्ताचं बघतो. १०८ आली, मी सोबत बसले. तिचे पाय उंच केले होते. ती सारखी पाणी मागत होती आणि ऑपरेशन होणार म्हणून मी ते देत नव्हते. ओठांना ओला कापूस तेवढा लावला. अर्ध्या वाटेवर तिने मागणं थांबवलं. आम्ही दवाखान्याच्या फाटकापर्यंत छाती दाबत होतो.

तरुण बाईचं शरीर शेवटपर्यंत रक्तदाब धरून ठेवतं, आधी फक्त नाडी पळते. ११२ चा अर्थ तोच होता. खांद्याचाही तोच. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्यात उमटतं आणि आडवं झालं की रक्त वर सरकतं. हे सगळं मी शिकलेली आहे. अमेरिकेत नसबंदी झालेल्या १०,६८५ स्त्रियांची वर्षानुवर्षं पाहणी झाली, ती १९९६-९७ मध्ये छापून आली. ऑपरेशननंतर गर्भ राहणं विरळाच, पण जे राहिले त्यांतले जवळपास एक तृतीयांश गर्भाशयाबाहेर होते. म्हणजे ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली तर काळजी कमी नाही, जास्त करायची.

संध्याकाळी तिची जाऊ भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दीड महिना झाला, ती बाहेर बसली नव्हती. मला म्हणली व्हती. म्या म्हणलं, कामाच्या ताणानं असंल." सकाळी मी पुन्हा विचारलं असतं, नवऱ्याला बाहेर पाठवून विचारलं असतं, तर हे वाक्य मला अकरा वाजताच मिळालं असतं.

मातामृत्यूच्या चौकशीत तो केसपेपर टेबलावर होता. रकान्यातल्या रेघेबद्दल विचारलं, तेव्हा मी घडलं तसं सांगितलं.

आता १५ ते ४९ वयातली बाई पोटदुखी किंवा चक्कर घेऊन आली की आधी पट्टी, मग बाकीचं बोलणं. ऑपरेशन झालेलं असो, तांबी असो, मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांनी 'पडलंय' असं सांगणारी असो. त्या गोळ्यांनी नळीतला गर्भ जात नाही. अंगावरून रक्त जातं, बाई निर्धास्त होते आणि नळीतला गर्भ आत वाढत राहतो.

फेब्रुवारीत आशाताईंबरोबर मी त्याच टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर गेले. संध्याकाळी बायका चुलीपाशी होत्या, तिथेच बसून सांगितलं. निघताना एक जण गाडीपर्यंत मागे आली. तिचंही ऑपरेशन झालेलं, दोन महिने पाळी नाही. कोपीच्या आडोशाला जाऊन तिने डबीत लघवी आणली. मोबाईलच्या उजेडात पट्टी धरून आम्ही दोघी पाच मिनिटं बघत राहिलो. एकच रेघ आली. पाळी कशाने चुकली ते बघायला तिला सोमवारी बोलावलं, आणि त्या दिवसाच्या खाड्याचं मुकादमाशी मीच बोलले.